किनारीचा पांढरा दोरा

त्या ताग्याला चिठ्ठी बांधलेली होती, हे मी आधीच सांगून टाकते. चिठ्ठी दिसली नाही, अक्षर लागलं नाही, असलं काही मी म्हणणार नाही. आमच्या मालकांच्या हातचं ठळक अक्षर होतं, लाल पेनानं लिहिलेलं: 'रफू करू नये. आहे तसं पाठवायचं.' मी वाचलं, चिठ्ठीची घडी घातली, एप्रनच्या खिशात टाकली. मग तागा हातगाडीवर घालून घरी नेला आणि त्यातलं एकूण एक भोक बुजवून टाकलं.

एकशे त्रेसष्ट भोकं. नववर्षाची अख्खी सुट्टी त्यात गेली.

माझं नाव तामाए. बिसाई गावात मालक हिबिनोंचा लोकरीचा कारखाना आहे, तिथे मी चौतीस वर्षं रफू करते. कापड मागावरून उतरलं की ते आमच्या खोलीत येतं. उत्तरेच्या खिडकीसमोर उंच दांडी आहे, तिच्यावरून कापड टाकायचं, उजेडात बघायचं. कुठे उभा धागा तुटलेला, कुठे आडवा सुटलेला, कुठे गाठ. जिथे दोष दिसेल तिथे त्याच्या सरळ रेषेत किनारीला पांढरा दोरा बांधायचा. मग त्याच कापडाच्या टोकाचा धागा काढून, सुईनं, माग जसा विणतो तसं विणून भोक भरायचं. भरलं की किनारीचा दोरा ओढून काढायचा. झालं. आमचं काम दिसत नाही. ज्या बाईचं दिसतं, तिनं घरी बसावं आणि लोणची घालावीत.

माझं कधी दिसलं नाही.

आता हा तागा कोणाचा होता, ते. चिठ्ठीवर खाली नाव होतं: कुझे हात्सुमी, तोक्यो. फॅशनमधली मोठी बाई. काळ्याशिवाय दुसरा रंग शिवत नाही. एका बाहीचे कोट, गळा पाठीवर आलेले झगे, असले कपडे. आदल्या वर्षी पहिल्यांदा पॅरिसला जाऊन कपडे दाखवून आली, तर तिथल्या एका पेपरवाल्यानं लिहिलं की आग लागल्यावर माणसं हाताला येईल ते गुंडाळून पळतात, तसं दिसतंय. मी ते वाचलं तेव्हा माझ्या हातातला कप आदळला.

कारण हात्सुमी माझी मुलगी. कुझे हे आडनाव तिनं नंतर लावलं.

गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि माझ्यासमोर कोणी बोलत नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली. नवरा गेला तेव्हा अंत्यविधीला आली, काळ्या कपड्यातच आली, दुसऱ्या दिवशी परत गेली. नववर्षाला एक कार्ड यायचं, छापील. बस्स.

आमच्याकडे कॉफीच्या दुकानात सकाळी कॉफी घेतली की टोस्ट, उकडलेलं अंडं आणि मूठभर शेंगदाणे फुकट मिळतात. कारखान्यातल्या आम्ही सगळ्या बायका कामावर जायच्या आधी तिथेच असतो. तिथे मासिकं पडलेली असतात. त्या हिवाळ्याच्या तोंडाला एका मासिकात हात्सुमीची मुलाखत आली होती. विचारलं होतं, तुमच्यावर कोणाकोणाचे संस्कार झाले? लेकीनं सांगावं तरी काय! जुन्या देवळांच्या पावसानं काळवंडलेल्या भिंती. उत्तरेकडच्या मच्छीमारांचे ठिगळं लावलेले सदरे. भिक्षूंची चिंध्या जोडून केलेली वस्त्रं. अगं बाई, देवळात कधी पाय तरी ठेवलास का? आणि शेवटी हे वाक्य: 'ज्या घरात मी जन्मले, तिथे कापडाशी कोणाचाही संबंध नव्हता.'

मी तीनदा वाचलं. माझ्याबरोबर रफू करणाऱ्या योनेकोनं हळूच मासिक माझ्यासमोरून काढून घेतलं आणि अंडं सोलून माझ्या ताटलीत ठेवलं. मी ते खाल्लं नाही.

कापडाशी संबंध नव्हता म्हणे! बाप आयुष्यभर कांड्या भरत होता. आणि ही स्वतः पाच वर्षांची होईपर्यंत माझ्या त्या दांडीखाली वाढली. दूध तिथे प्यायली, झोपली तिथे.

तर डिसेंबरच्या शेवटी तो तागा आमच्या खोलीत आला. काळी लोकर, तीस मीटर. मी उजेडात धरला. चाळण होती नुसती. मागाच्या स्क्रूत काहीतरी बिघडलंय, हे मला लगेच कळलं. आमचे मागही जुने, धोट्याचे, आणि ते चालवणारे गेन्झोकाका त्याहून जुने, एकाहत्तर वर्षांचे. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात चळला, तोक्योवाल्यांना घाई, मालक म्हणाले असतील जाऊ द्या तसंच. पॅरिसला पुन्हा लोक दात काढणार. माझ्या पोरीला, माझ्या हाताखालून गेलेल्या कापडात!

असं वाटलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं विचाराल तर थोडं कळलंही होतं. कळूनच सुई हातात घेतली. माझ्या कामाचं नाव घेत नाहीस काय? मग बघ, तुझ्या कापडात मीच मी असेन आणि तुला दिसणारसुद्धा नाही.

गाव सुट्टीत. बाहेर इबुकीच्या डोंगरावरचा वारा खिडक्या हलवत होता. मी पायावर पांघरूण घेऊन, शेजारी रॉकेलची शेगडी लावून बसले. पहाटे सुरू करायची, दुपारी चिकट तांदळाच्या मोचीचे तुकडे घातलेलं सूप प्यायची, पुन्हा बसायची. एक भोक भरलं की एक पांढरा दोरा ओढून चहाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. तशी सवयच आहे मला. शेवटचा दोरा टाकला तेव्हा डोळे सुजले होते. मी कापडावरून नजर फिरवली. एक डाग नाही. चौतीस वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम ते.

पाच तारखेला तागा गुपचूप जागेवर नेऊन ठेवला, दोऱ्यांचा डबाही माझ्या टेबलावर ठेवला. चिठ्ठी परत बांधली.

आठ तारखेला सकाळी साडेनऊला ती आली. एकटीच. काळा लांब कोट, केस हनुवटीपाशी सरळ कापलेले, डोळ्यांना चष्मा, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. मालक दारापर्यंत धावले. "या या, सेन्सेई, एवढ्या थंडीत तुम्ही स्वतः कशाला त्रास घेतलात!" माझ्या मुलीला सेन्सेई, गुरूला म्हणावं तसं. तिनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला, मलाही केला, गिऱ्हाईक करतं तसा. मीही वाकले. "यावं," म्हणाले. आमच्यात एवढंच बोलणं झालं.

"तीन चाळीसची गाडी आहे," ती मालकांना म्हणाली. "उद्या सकाळी कापायला घ्यायचंय. सोळा कोट. बाकी सगळं तयार आहे, या सोळांसाठीच थांबलोय."

"हो हो, तागा तयार आहे."

तागा टेबलावर आला. तिनं चिठ्ठी सोडली. कापड एक मीटर उलगडलं. मग दोन. मग पाच. मग ती भराभर उलगडत सुटली आणि कापड टेबलावरून खाली जमिनीवर पडायला लागलं. खोलीत तेवढाच आवाज.

"भोकं कुठे आहेत?" ती म्हणाली.

मालकांना वाटलं चेष्टा आहे. हसले. मग त्यांनीही कापड ओढून बघितलं आणि त्यांचा चेहरा पिठासारखा झाला.

"गेन्झो! गेन्झोला बोलवा!"

गेन्झोकाका टोपी हातात घेऊन आले. आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, मालकांना ओरडून बोलावं लागतं. म्हणजे सगळ्या कारखान्यानं ऐकलं.

"तुम्हाला काय सांगितलं होतं? स्क्रू सैल करायला सांगितले होते की नाही? सेन्सेईंनी स्वतः तुम्हाला पत्र लिहिलं होतं ना? मागानंच चुका करायला हव्यात, कुठे होतील हे कोणाला ठाऊक नको, असं सांगितलं होतं ना?"

"केले होते सैल," काका म्हणाले.

"मग हे काय आहे?"

काका कापडापाशी गेले. वाकून बघितलं, हात फिरवला, पुन्हा बघितलं. मी दांडीपाशी उभी होते. बोल, बोल, असं मी स्वतःला म्हणत होते आणि पाय जागचे हलत नव्हते.

"मी भोकं पाहिली होती," काका म्हणाले. "विणताना पाहिली होती मी."

"कापडात एक तरी दाखवा!"

"सूत पुन्हा मिळेल?" हात्सुमीनं मधेच विचारलं. आवाज चढला नव्हता, पण तिच्या हाताची बोटं टेबलाच्या कडेला पांढरी पडली होती.

मालकांनी मान खाली घातली. ते जाडंभरडं सूत एका म्हाताऱ्यानं कातलं होतं आणि त्यानं नोव्हेंबरातच चाती बंद केली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सूत मिळालं तरी ताणा लावून ते तीस मीटर उतरायला दहा दिवस.

"म्हणजे पॅरिसला जायला काही नाही," ती म्हणाली. "गेल्या वर्षी हसले. या वर्षी बघायलाही कोणी यायचं नाही." आणि ती खुर्चीवर बसली. कोटाची बटणंही न काढता बसली.

मालक काकांकडे वळले. "चाळीस वर्षांचं नाव माझं! तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही."

आणि मग गेन्झोकाका खाली बसले. त्या फरशीवर, गुडघ्यांवर, डोकं टेकवून. "माझीच चूक असणार," ते म्हणाले. "हल्ली विसरायला होतं मला. सैल केले असं वाटलं असेल, केले नसतील. म्हातारा झालो. उद्यापासून येत नाही."

त्यांनी खोटं कबूल केलं असतं तर मी कदाचित गप्प राहिले असते, एवढी मी नीच. पण ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटायला लागलं होतं की आपली बुद्धी गेली. ते बघवेना.

"उठा काका," मी म्हणाले. "उठा म्हणते ना! सैल केले होते तुम्ही. भोकं मी बुजवली."

काकांना ऐकूच आलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "भोकं होती! मी बुजवली!" तेव्हा त्यांनी डोकं वर केलं.

"चिठ्ठी?" मालक म्हणाले. "चिठ्ठी होती ना?"

"वाचली होती."

"वाचली होती? बाई, तुमच्या डोक्यात... वाचली होती आणि तरी..."

"सगळी?" हात्सुमीनं विचारलं.

"एकशे त्रेसष्ट."

ती उठली. "मग उघडा," माझी मुलगी मला म्हणाली. "तीन वाजेपर्यंत तुम्ही सगळी उघडा."

कापड दांडीवर चढवलं. मी भिंग घेतलं, बारीक कात्री घेतली आणि उजेडात शोधायला लागले. पहिलं सापडलं, कारण ते कडेलाच होतं आणि मला आठवत होतं. कात्रीनं माझा धागा कापला, चिमट्यानं ओढला, भोक पुन्हा आलं. बरं वाटलं. दुसरं शोधायला लागले.

सापडेना.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. भिंग कापडावरून इंच इंच सरकवत होते. सगळीकडे सारखं. माझे धागे कुठले, मागाचे कुठले, काही कळेना. माझंच काम, माझ्याच हाताचं, आणि मला सापडेना! बोटांनी चाचपलं तर चौतीस वर्षांत सुईनं बोटांचं चामडं झालेलं, त्यांना काय कळणार. कपाळाचा घाम भिंगावर पडला. पाठीमागे मालक घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते. "एवढं छान कशाला करायचं माणसानं!" असं ते रडवेल्या आवाजात म्हणाले, आणि दुसरी वेळ असती तर मी हसले असते.

अकरा वाजले. तीन उघडली होती. तीन!

तेवढ्यात हात्सुमीनं कोट काढला, खुर्चीवर टाकला, खाली वाकली आणि दांडीवरून लोंबणाऱ्या कापडाच्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला जाऊन बसली. तिची सावली कापडावर पडली. आता ती कापडाच्या उलट बाजूला आणि मी सुलट.

मग कापड आतून एका जागी दबलं.

"इथे."

मी भिंग नेलं. होतं तिथे! कापलं, ओढलं.

"इथे."

तिथेही होतं.

"कसं कळतं तुला?" माझ्या तोंडून निघून गेलं. मालकांसमोर तिला 'तुम्ही' म्हणायचं भानच राहिलं नाही.

"हाताच्या पाठीनं," ती पलीकडून म्हणाली. "तू धाग्याची शेपटी डावीकडे सोडतेस. बाकी सगळ्या उजवीकडे सोडतात. टोचते ती. इथे."

"तुला कोणी सांगितलं हे?"

"तूच. मी इथे खाली बसून रडायची म्हणून खेळ काढला होतास. एक शेपटी सापडली की एक शेंगदाणा. इथे."

मला आठवेना. खरंच आठवेना. शेंगदाणे मी पिशवीत नेहमी ठेवायची, एवढं आठवतं.

मालकांनी काय ते ओळखलं आणि काकांना दंडाला धरून बाहेर नेलं. दार लावून घेतलं. आता ती "इथे" म्हणायची आणि मी कापायची. प्रत्येक भोकामागे एक दोरा चहाच्या डब्यातून काढून टेबलावर ठेवायची, म्हणजे किती राहिली ते कळेल. हात बसला तसे आम्ही भराभर चाललो. एक वाजला तेव्हा टेबलावर सत्त्याऐंशी दोरे होते. योनेकोनं दारातून भाताचे गोळे सरकवले. कोणी खाल्ले नाहीत.

न बोलता किती वेळ राहणार? माझा स्वभाव नाही.

"कापडाशी कोणाचा संबंध नव्हता काय गं?" मी म्हणाले. "देवळांच्या भिंती! भिक्षूंची वस्त्रं! इथे बसून शेंगदाणे खाल्लेस ते सांगायला लाज वाटली?"

"हात चालू ठेव. इथे."

"चालूच आहे. तू तोंड चालू कर."

"इथे. वर, दोन बोटं वर."

"सतरा वर्षं लोक माझ्यासमोर तुझं नाव घेत नाहीत. मला वाईट वाटू नये म्हणून! असं काय केलं मी तुझं?"

कापडापलीकडे ती थांबली. सावली हलेना.

"तुला स्टेशन आठवतं?" ती म्हणाली.

"आठवतं. वारा होता. मी तुला डबा दिला होता."

"डबा दिलास आणि म्हणालीस, 'चिंध्या विकायला चाललीस ना, मग या घराचं नाव कुठे काढू नकोस. कापडातल्या माणसांची पोर आहेस हे कुठे कळलं तर आम्हाला मान वर करता यायची नाही.' बाबांच्या समोर म्हणालीस. मी हो म्हणाले." तिनं श्वास घेतला. "आडनाव बदललं. मुलाखतीत विचारतात तेव्हा देवळं सांगते, भिंती सांगते. त्यांना ते आवडतं. मी हो म्हणाले होते ना तुला."

माझ्या हातात कात्री होती. ती मी टेबलावर ठेवली.

मला हे आठवत नव्हतं. अजून आठवत नाही. पण वाक्य माझंच होतं. 'मान वर करता यायची नाही' हे माझ्याशिवाय कोणी म्हणत नाही. रागात मी काय काय बोलते आणि संध्याकाळी विसरून जाते, नवराही हेच म्हणायचा. मी विसरले आणि पोरीनं ते सतरा वर्षं पाळलं. भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

"आई," ती म्हणाली. "दोन वाजतायत. इथे."

मी कात्री उचलली.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. कापडात भोकं वाढत गेली आणि पलीकडचा उजेड इकडे यायला लागला. एकदा एका भोकातून मला तिचा कान दिसला, एकदा चष्मा. भोकं वाईट दिसत नव्हती, हेही सांगायला हवं. त्या काळ्या कापडाला श्वास आल्यासारखं दिसत होतं. मला आवडली असं मी म्हणत नाही. पण मी बघत राहिले.

तीनला पाच कमी होते तेव्हा टेबलावर एकशे बासष्ट दोरे होते आणि डब्यात एक.

ती वरपासून खालपर्यंत पुन्हा हात फिरवत गेली. मी भिंग घेऊन फिरले. नाही. मालक दार उघडून म्हणाले, "सेन्सेई, टॅक्सी आली."

"थांबा जरा! एक राहिलंय," मी म्हणाले.

ती बाहेर आली. गुडघ्यांना धूळ, हाताची पाठ लाल झालेली, घासून घासून. "राहू दे," ती म्हणाली. "सापडत नाही ते." आणि कापड उतरवायला लागली.

गेन्झोकाकांनी तागा स्वतः खांद्यावर घेऊन टॅक्सीत नेऊन ठेवला. कोणाला हात लावू दिला नाही. मी फाटकापर्यंत गेले. मला म्हणायचं होतं, सांग गं नाव, खुशाल सांग, मी मूर्ख बाई आहे. शब्द अगदी ओठांवर होते. गाडीची काच खाली झाली तेव्हा मी काय म्हणावं?

"तिकडे थंडी असेल. जाड मोजे घाल."

"घालते," ती म्हणाली, आणि टॅक्सी गेली.

मार्चमध्ये पॅरिसच्या बातम्या आल्या. एकानं लिहिलं, भिकारीही हे घालणार नाहीत. दुसऱ्यानं लिहिलं, सोळा काळे कोट समोरून गेले तेव्हा सभागृहात कोणी खोकलंही नाही, आणि शेवटचा कोट गेल्यावर माणसं उभी राहिली. नंतर तोक्योच्या दुकानासमोर रांगा लागल्याचंही कोणीतरी सांगितलं. त्या मासिकात पुन्हा मुलाखत आली. संस्कार कोणाचे? देवळांच्या भिंती, मच्छीमारांचे सदरे. मी वाचलं आणि मासिक खाली ठेवलं. पोर शब्दाची पक्की. माझ्यावर गेली.

एप्रिलमध्ये पार्सल आलं. आत काळा कोट. त्याच कापडाचा, सोळांतला एक, पाठीवर हात जाईल एवढं भोक. पत्र नाही. फक्त खिशात ती चिठ्ठी, मालकांच्या हातची, लाल पेनाची: 'रफू करू नये.'

मी रागानं कोट झटकला, आणि कोटाच्या कडेला काहीतरी पांढरं हललं. तिनं कापडाची किनार कापली नव्हती, कोटाची पुढची कड म्हणून तशीच ठेवली होती. आणि त्या किनारीला पांढरा दोरा बांधलेला होता. आमची गाठ, दोनदा फिरवून मारलेली. दोष इथे आहे, सरळ रेषेत बघा, असं सांगणारी.

मी भिंग आणलं. दोऱ्यापासून सरळ आत गेले, बोटभर, वीतभर. छातीच्या डाव्या बाजूला आले. कोट उलटा केला. तिथे एक शेपटी होती, डावीकडे सोडलेली. एकशे त्रेसष्टावं. माझं, बुजवलेलं, जसंच्या तसं. सापडलं होतं तिला. त्या दिवशीच सापडलं होतं आणि "राहू दे" म्हणाली होती.

मी जमिनीवर बसले आणि रडले. चांगली अर्धा तास रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोट घालून मी कॉफी प्यायला गेले. आत शिरले तशा सगळ्या बायकांनी माना वळवल्या. पाठीवरून वारा आत येत होता. मी नेहमीच्या जागी बसले, अंडं सोलायला घेतलं.

योनेकोला राहवेना. "तामाए-सान, पाठीला केवढं भोक आहे! अहो, रफूवालीचा कोट आणि फाटका? आणा इकडे, मी भरून देते."

"नाही भरायचं," मी म्हणाले. "चिठ्ठी आहे."

तिची नजर किनारीवर गेली. तीस वर्षांची सवय, काम झालेलं दिसलं की दोरा ओढायचा. तिचा हात पुढे आला. मी चापट मारली.

"तो पण राहू दे."

"असं काय करता? कोणाचा आहे तरी कोणाचा हा कोट?"

सगळं दुकान ऐकत होतं. कॉफीवाल्यानं नळ बंद केला.

"माझ्या लेकीचा," मी म्हणाले. "हात्सुमीनं शिवलाय. दांडीखाली बसून शेंगदाणे खायची ती, आठवते ना तुम्हाला?"

"आठवते की," योनेको म्हणाली, आणि तिनं तिच्या ताटलीतले शेंगदाणे माझ्या ताटलीत ओतले.